नुसतं बघायचे किती?

एखाद्या गॅरेजबद्दल सोलापुरात दोन मतं नसतील तर ते गॅरेज अजून नवीन आहे असं समजायचं. आमच्या साडूंच्या मते त्यांचा मिस्त्री म्हणजे देवमाणूस, गाडी टाकून निवांत घरी जा, एक रुपया जास्त लावणार नाही. आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्याच मिस्त्रीचं नाव काढलं की असं तोंड करतात की विचारूच नका, त्याच्या बिलात म्हणे एक जुनी स्कूटर आली असती. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. साडूंची गाडी वर्षातून एकदा ऑइल-फिल्टरला जाते, तिथं चुकायला आणि फसवायला जागाच कुठंय. काकांची गाडी जुनी, दर पावसाळ्यात तिला नवीनच आवाज, तो कुठून येतो ते मिस्त्रीलाही धड कळत नाही आणि मग तो एकेक पार्ट बदलत बसतो. माणूस तोच आहे, काम वेगळं आहे. त्यामुळं "चांगला मेकॅनिक सांगा" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, गाडीला झालंय काय?

आपल्याकडं गाड्यांना होतं काय तेही बघा की जरा. पुण्यातली माणसं ट्रॅफिकला वैतागतात, आपण उन्हाला. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकलेला, दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहिलं की बॉनेटवरची हवा हलताना दिसते. त्यात पाण्याची तऱ्हा. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणार म्हणून घरोघरी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात. तेच पाणी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून लोक रेडिएटरमध्ये ओततात, "पाणीच तर आहे की". रेडिएटरच्या नळ्या बारीक, त्यात तोच क्षार बसतो, आणि मग लेकराबाळांना घेऊन पुण्याला निघालेली गाडी टेंभुर्णीच्या अलीकडं काटा लाल करून उभी राहते. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी असं समजणारे अजून कितीतरी आहेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून घातलं की ते आत गंज धरू देत नाही, उकळायलाही जास्त तापमान लागतं, आणि वरची ती प्रेशर कॅप सगळी सिस्टीम दाबाखाली ठेवते म्हणून १०० च्या वर गेलं तरी आत उकळी फुटत नाही. कॅप किती रुपयांची, तर शे-दोनशे. तिचं रबर कडक झालं की संपलं.

आता गाडी गरम व्हायलीय म्हटल्यावर कारण काय असू शकतं? कॅप, फाटलेला होज पाईप, फॅनचा फ्यूज, फॅनचा रिले (फॅनला करंट सोडणारं छोटं स्विच), फॅनची मोटर, थर्मोस्टॅट वॉल्व, वॉटर पंप, चोकअप रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड उचलायचं, फेसिंगला पाठवायचं, हजारांचं काम. लक्षण एकच आणि बिल शंभरापासून पंचवीस हजारापर्यंत कुठलंही. मिस्त्री या यादीच्या कुठल्या टोकाकडून सुरुवात करतो त्यावरून मी त्याला ओळखतो. काहीजण बॉनेट उघडायच्या आधीच "हेडचं काम दिसतंय मालक" म्हणतात. तिथून चावी घेऊन सरळ निघायचं.

माझं डोकं या विषयात लागलं ते एसीमुळं. गाडी पळत असली की एसी गार, होटगी रोडला मस्त हवा, आणि सिग्नलला थांबलं की तोंडावर गरम वारा. बरं नीट सांगितलं होतं मी असंच. गॅरेजवाला (नाव नाही सांगत, आणि तसं बघायला गेलं तर त्याची एकट्याची चूक नाही, का ते पुढं येतंय) म्हणाला गॅस कमी झालाय. भरला. संध्याकाळी गाडी घेऊन गेलो, ऊन उतरलेलं होतं, रस्ते मोकळे, एसी गार लागला, खूश. मग परत दुपार आली. परत गेलो तर म्हणाला आता कॉम्प्रेसर बघावा लागेल. कॉम्प्रेसर म्हटलं की आकडा ऐकूनच घाम फुटतो, मग एसीची गरज पण राहत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचे लूम आहेत, त्यानं एक माणूस सांगितला. तिथं सगळे त्याला चाचा म्हणतात म्हणून मी पण चाचाच म्हणतो. पोऱ्याशी दखनीत बोलणार, टॉवेलच्या कारखानदाराशी तेलुगूत, इंडीकडनं आलेल्या शेतकऱ्याशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत, शुक्रवारी दुपारी नमाजाला शटर खाली, एवढं सोडलं तर माणूस जागा सोडत नाही. मी गाडी लावली, तक्रार सांगितली. त्यानं बॉनेटला हातपण लावला नाही, म्हणाला, "बघायचे तीनशे लागतील साहेब."

"बघायचे?"

"हां. काम निघालं, तुम्ही केलं, तर त्याचं वेगळं. नाही केलं, दुसरीकडं नेली, तरी तीनशे."

खरं सांगू, मनात आलं की हा तर जास्तच शाणा. नुसतं बघायचे कसले पैसे, हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. पण ऊन एवढं होतं की परत फिरायचं त्राण नव्हतं, म्हटलं बघ बाबा.

त्यानं दोन्ही बाजूला गेज लावले, इंजिन चालू, एसी फुल्ल, आणि गाडी उभी ठेवून नुसता बघत बसला. चहा आला, प्यायला, बघत बसला. मग मला बोलावून गेज दाखवला, हाय साईडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा काटा चढत चालला होता. "गॅस भरपूर आहे, थोडा जास्तच भरलाय कुणीतरी." मग समोर जाळीत वाकून दाखवलं. माझ्या गाडीत रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर (तापलेला गॅस गार करणारी जाळी) आणि त्याला स्वतंत्र फॅन आहे, तो फिरतच नव्हता. गाडी पळताना समोरून वारा लागतो म्हणून भागत होतं, थांबली की कंडेन्सर तापायचा आणि एसी मान टाकायचा. पुढचं बघण्यासारखं होतं. फॅनची मोटर जळाली असं म्हणून मोकळा झाला असता, मी काय बोलणार होतो? त्यानं फ्यूज बॉक्स उघडला, हॉर्नचा रिले काढून फॅनच्या जागी लावला, दोन्ही सारखेच होते. फॅन सुरू. म्हणजे मोटर चांगली, रिले गेलेला. नवीन रिले आणायला पोऱ्या सायकलवर गेला. रिलेचे पैसे झाले बघायच्या पैशापेक्षा कमी.

वर एक अक्कल पण दिली त्यानं, गॅस काय पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद सिस्टीम आहे, वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो ते सोडा, पण एका उन्हाळ्यात कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणारा पुढच्या उन्हाळ्यात तुमची वाट बघत असतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते तीनशे रुपये बसलेत. डॉक्टर नाडी बघून "काही नाही, घरी जा" म्हणाला तरी आपण गुपचूप फी ठेवतो. मेकॅनिकनं अर्धा तास डोकं घालून "काही नाही, वायर सैल झाली होती" म्हटलं की आपण खिशात हातपण घालत नाही, फार तर "चहा घे रे" म्हणून वीस रुपये. मग त्यानं पोट कसं भरायचं? पार्टवर. स्पेअरवाला मिस्त्रीला काहीतरी सोडतो हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि मला त्यात गैरही वाटत नाही, तो जाऊन आणतो, आणलेलं चुकीचं निघालं तर बदलून आणतो, त्याला काहीतरी मिळायला पाहिजेच. पण मग त्याचं घर चालतं ते पार्ट बदलल्यावर, दोष सापडल्यावर नाही. सैल वायर सापडली तर त्याचा दिवस फुकट गेला. सरळसरळ आपणच त्याला सांगून ठेवलंय की बाबा तुझ्या डोक्याचे पैसे देणार नाही, पान्याचे देऊ. आणि वर चारचौघात बोंबलतो की विश्वासाचा माणूस राहिला नाही. त्या पहिल्या गॅरेजवाल्यावर माझा राग आहे, पण त्याच्याजागी बसलो तर मीपण गॅसच भरला असता बहुतेक. गॅस भरायचे पैसे कुणी नाकारत नाही.

लोक एक सल्ला फार देतात, वडापवाल्यांना (सीट भरून जीप पळवणाऱ्यांना) विचारा, त्यांची गाडी रोज रस्त्यावर, त्यांचा मेकॅनिक पक्का असणार. मी पण विचारायचो. पक्का असतोच, पण त्यांच्या कामासाठी पक्का. वडापवाल्याला गाडी उद्या सकाळी सहाला स्टँडबाहेर पाहिजे, पाच वर्षांनी ती कशी चालेल याच्याशी देणंघेणं नाही. याचा नमुना म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व. गाडी गरम झाली की वॉल्व काढून फेकून द्यायचा, पाणी सदोदित फिरत राहतं, काटा वर जातच नाही, गिऱ्हाईक खूश. आपल्याकडं हे इतकं चालतं की कितीतरी गाडीमालकांना आपल्या गाडीत तो पार्ट होता हेच माहीत नाही. पण इंजिनला गारपण नको असतं, त्याचं चालायचं तापमान साधारण ८०-९० च्या घरात ठरलेलं, तिथं लवकर पोचावं म्हणूनच तो वॉल्व असतो. काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, झीजही वाढते. मग मालक अॅव्हरेजची तक्रार घेऊन त्याच मिस्त्रीकडं, आणि तो प्लग बदलतो. कुणी लबाडी केली का यात? कुणीच नाही. वडापवाल्याला जे चालतं तेच त्यानं आपल्याला दिलं.

म्हणूनच मला "प्रामाणिक" या शब्दाचं फार कौतुक राहिलेलं नाही. आमच्या वडिलांच्या वेळपासूनचा एक मिस्त्री आहे, त्याच्याइतका सरळ माणूस मी बघितला नाही, जुना पार्ट पिशवीत घालून देणार, उरलेलं ऑइल डब्यासकट देणार. पण पुढून खडखड आवाज येतोय म्हटलं की त्याचं अंदाजपंचे सुरू. आधी शॉकअप्सर बदलले. आवाज तसाच. मग लोअर आर्मचे बुश. आवाज थोडा कमी, की आम्हालाच वाटलं कोण जाणे. शेवटी निघाली स्टॅबिलायझरची लिंक, त्या सगळ्यात स्वस्त. प्रत्येक वेळी त्यानं मजुरी कमीच लावली, वर हात जोडले. मी पण हात जोडले. एवढ्या प्रेमात एवढे पैसे गेले की चिडताही येईना. त्याच्याकडं मी आजही ऑइल बदलायला, ब्रेक पॅडला जातो, त्यात त्याच्यासारखा कुणी नाही. आवाज शोधायला नाही नेत.

नवीन गाड्यांत तर बघणं अजून अवघड झालंय. स्कॅनर लावला की कोड येतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं मशीननं सांगितलं म्हणजे झालं. कोड लक्षण सांगतो हो, कारण नाही सांगत. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पैशाला पासरी, एखादा चिरलेला व्हॅक्युम पाईप शोधणारा एखादाच. आणि यात दोष फक्त मिस्त्रीचा नाही, कंपन्यांनी पण बाहेरच्या माणसाला बघू दिलं नाही वर्षानुवर्षं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता तो याचसाठी, की अस्सल पार्ट, रिपेअरची माहिती, तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. मला त्यातलं एवढंच भावलं की एवढं सगळं एका साध्या गिऱ्हाईकाच्या तक्रारीवरून सुरू झालं होतं. चाचाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "चौदा? बाकीचे कुठं होते?"

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं माझं धोरण सोपं आहे. वॉरंटी आहे तोवर तिथंच, कारण बाहेर काही खोललं तर नंतर वाद कोण घालणार. मारुतीनं तर जुलै २०२४ पासून साधी वॉरंटीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, आधी २ वर्षं, ४० हजार होती, मग कशाला घाई. गाडी ठोकली, कॅशलेस इन्शुरन्स आहे, तरी तिथंच. बाकी तिथं एसीत बसवतात, कॉफी देतात, आणि टाय घातलेला एक पोरगा टॅब घेऊन येतो आणि इतक्या अदबीनं इंजिन डिकार्ब, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, टेफ्लॉन कोटिंग असं वाढत जातो की लग्नाच्या पंगतीत आग्रह होतोय असं वाटतं. ही कामं खोटी नाहीत, कधी ना कधी लागतातही. पण गाडीसोबत जे पुस्तक मिळतं, जे आपण डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरतो, त्यात किती किलोमीटरला काय याचं पान असतं. मी ते उघडून पोराच्या समोर धरतो, यात दाखव. तो हसतो. वाईट नसतो तो, त्याला टार्गेट असतं. इथंपण तेच की, बघणाऱ्याला बघायचे पैसे नाहीत, विकायचे आहेत.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगतो. सध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय आणि जुन्या गाडीवाले चिंतेत आहेत, एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, अॅव्हरेज थोडं उतरतं, जुनी रबरं, पाईप, सील यांच्याकडं लक्ष ठेवायला लागतं. आता आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, आमच्या सासऱ्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि त्यांचीच जुनी वॅगनआर पंपावर तो पिऊन येते. ते इथेनॉलला शिव्या पण देऊ शकत नाहीत आणि फ्युएल पाईप बदलायचा खर्चपण सोसवत नाही. मिस्त्रीसमोर गप्प बसून राहतात बिचारे.

असो. तर आता मी कुठंही गेलो की आधी विचारतो, बघायचे किती घेणार? बहुतेकजण दचकतात. "छे छे साहेब, बघायचे कसले." मग मी म्हणतो घे, पण काय सापडलं ते मला दाखव आणि बदलायचं का नाही ते मी नंतर सांगतो. काहींना हा अपमान वाटतो. एकजण म्हणाला तुमचा विश्वास नाही तर दुसरीकडं जा, मी गेलो. पण काहीजणांचा चेहरा बदलतो हो, खरंच बदलतो. एका तरुण पोरानं, आयटीआय करून जुळे सोलापुरात नवीनच टाकलंय गॅरेज, दोनशे घेतले आणि माझ्याच गाडीत मला बसवून, स्वतः शेजारी बसून विजापूर रोडपर्यंत चक्कर मारली, तिसऱ्या गिअरला सोडा, आता ब्रेक मारा, आता नुसती न्यूट्रल, असं करत. परत आल्यावर म्हणाला, "सर, व्हील बेअरिंग वाटतंय डाव्या बाजूचं, पण मला शंभर टक्के नाही सांगता येत, माझ्याकडं लिफ्ट नाहीये. अमुक ठिकाणी लिफ्टवर चाक फिरवून बघा." मेकॅनिकच्या तोंडून "मला नाही सांगता येत" मी फार कमी वेळा ऐकलंय. त्या पोराला त्यासाठी पैसे मिळाले होते म्हणून त्याला ते बोलायला परवडलं.

बाकी मग जुना पार्ट परत मागणे, डब्यावरची एमआरपी आणि सील बघणे, गाडी संध्याकाळी न टाकता सकाळी टाकणे आणि जमलं तर तिथंच स्टूल ओढून बसणे, हे सगळे करतात, मी पण करतो. त्यानं फसवणूक कमी होते. दोष सापडायला काही मदत होत नाही, जुना पार्ट पिशवीत घरी आला तरी तो खरंच खराब होता का हे मला कुठं कळतं. आमच्या गॅलरीत असे बरेच पार्ट जमलेत, बायको भंगारवाल्याची वाट बघतीय.

परवा भाच्याचा फोन. नवीन घेतलीय म्हणजे सेकंडहँड, स्विफ्ट डिझेल, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायलीय. "मामा, तुम्हाला लई माहितीय त्यातलं, विश्वासाचा माणूस सांगा एखादा." मी मोठ्या उत्साहानं चाचाचा पत्ता दिला, बोअरच्या पाण्यापासून रिलेपर्यंत सगळी कथा सांगितली, त्यानं हो हो करत ऐकली. शेवटी म्हटलं, हे बघ, बघायचे तीनशे घेतो, द्यायचे गपचूप.

पलीकडं जरा शांतता.

"नुसतं बघायचे? मग नको मामा. दुसरा कोण असंल तर सांगा की."